डेमोसाठी निवडलेला चेहरा

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी चोरून खाल्लेला गुलाबजामही लपवू शकत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. तोंड उघडलंय तोवर सांगून टाकतो.

मी सौदीतल्या जिझानला कॅमेरे बसवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. ते कॅमेरे बनवते दुसऱ्याच एका देशाची सरकारी कंपनी. तिथलं सरकार आपल्याच लोकांवर पाळत ठेवायला ते वापरतं, काही देशांनी ते काढून टाकलेत — सगळं वाचलं होतं मी. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं: कॅमेरा नुसता बघतो, करतात ती माणसं. काय रुबाबात म्हणायचो!

मिलिंद माझ्यासारखाच नाशिकचा. रिफायनरीजवळच्या एका साइटवर सेफ्टी इंजिनिअर. शुक्रवारी त्याच्याकडे मिसळ असायची, मटकीला मोड तो स्वतः आणायचा. त्याच्या साइटवर ठेकेदार ऐन उन्हाळ्यात, दुपारी काम बंद ठेवायचा नियम असताना, कामगारांना राबवत होता. मिलिंद मेसच्या मागे त्यांना भेटून गुपचूप तक्रार तयार करत होता. त्यांच्याखेरीज हे ठाऊक कुणाला? मला. मिसळ वाढता वाढता त्यानेच सांगितलं होतं.

मग त्याच साइटवर आमचा डेमो ठरला. चाचणीचे कॅमेरे आधीच लावले होते. ते अजून सुरू झालेले नाहीत, असंच सगळे समजत होते. सिस्टिमला एक चेहरा दिला की तो माणूस कुठे गेला, कुणाला भेटला, सगळं पडद्यावर येतं. आदल्या दिवशी मी चेहरे लावून पाहिले. अकाउंटंटचा — टेबल, चहा, पुन्हा टेबल. मग गंमत म्हणून मिलिंदचा. मेसमागची एकेक भेट उलगडत गेली... किती सुरेख चाललं होतं ते!

इथे मला थांबता आलं असतं. अकाउंटंट पुरला असता — पण त्याला टाळ्या पडल्या नसत्या. मला टाळ्या हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांसमोर मी मिलिंदचा चेहरा लावला. चुकून नाही. समजून उमजून.

टाळ्या पडल्या, ऑर्डरही मिळाली. त्या भेटींचा अर्थ लावायला व्यवस्थापकांना वेळ लागला नाही. मिलिंदला फायनल एक्झिट देऊन कायमचं परत पाठवलं. तक्रार गेलीच नाही.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत म्हणाला, "रामप्रसादनेच घात केला रे. नेमकी आत्ताच कशी त्याची रजा मंजूर होते?" रामप्रसाद त्या कामगारांतला वेल्डर, तक्रारीवर सगळ्यात आधी सही करणारा. माझं एक वाक्य पुरलं असतं — नाही बोललो.

मिलिंदने इतर कामगारांनाही तेच कळवलं. मेसमध्ये रामप्रसादच्या शेजारी कुणी बसेना. मला कसं कळलं? देखभालीसाठी स्क्रीन उघडली की दिसायचा ना — भिंतीकडे तोंड करून एकटाच जेवताना. पुढे तो गावी गेला, परत आला नाही. मला माझी किळस येते. घरी सगळे जेवायला बसलो की मला त्याची पाठ दिसते.

मिलिंदचा अधूनमधून फोन येतो. म्हणतो, तेव्हा माझं असं तू एकटाच होतास. मग रामप्रसादला शिव्या घालतो. "हरामखोरच होता ना रे तो?" मी "हो ना" म्हणतो. परवाही म्हणालो.