आडवं पडून ऐकणारा

कारापूरच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक गाडीचं दुखणं मालकाच्या तोंडून कधीच ऐकून घेत नाही. "वेग घेतला की गाडी कुंईऽऽ करते," असं मी सांगू लागलो, तर त्याने हात वर करून मला गप्प केलं. "मास्तर, तुमी फक्त चालवा." मग तो मागच्या सीटपुढे आडवा झाला, कान गाडीच्या तळाला लावला आणि पाय खिडकीबाहेर सोडले.

पाळी गावाच्या रस्त्यावर माझ्या शेजाऱ्याने ते पाय पाहिले आणि स्कूटर थेट गाडीसमोर आडवी घातली. मला थांबावंच लागलं.

"अरे देवा! कोणाक काय झालां? हॉस्पिटलात व्हरतास?"

आणखी दोघे धावत आले. एकाने तर पाय धरलेसुद्धा. तेवढ्यात खालून ओरड आली, "गप रवा रे! मास्तर, गाडी कित्याक थांबयली? आवाज गेलो मगे!" पाय धरणारा तीन पावलं मागे उडाला.

परतेपर्यंत निदान झालं होतं: मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग. दुपारी ते बदलून झाल्यावर खात्री करायला तो पुन्हा तसाच आडवा झाला. आता गाडी मुकाट धावत होती.

"काय, गेला ना आवाज?" मी विचारलं.

उत्तरादाखल मागून घोरणं ऐकू आलं. इतक्या वर्षांत मी त्याला कधी बसलेलाही पाहिला नव्हता. गॅरेजसमोर तीन गाड्या त्याची वाट पाहत उभ्या होत्या. मी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी तशीच पुढे साखळी गावाकडे नेली.