दीड इंच माया

टेलरबाईंचा हट्ट एकच: शिलाईच्या आत दीड इंच कापड जास्तीचं ठेवायचं. शिवणकामात त्याला माया म्हणतात. कुणी कुरकुर केली की बाई फटकारत, "माणूस काय जन्मभर एकाच मापाचा राहतो होय?"

आपल्या धाकट्या लेकीचा शाळेचा ड्रेस मात्र त्या तीन महिन्यांत चौथ्यांदा आत घेत होत्या. राग निघाला टेपवर. कापडी टेप वापरून ताणली जाते आणि माप कमी दाखवते. "मेलीला फेकून द्यायला हवं," म्हणत बाईंनी नवी आणली. नव्या टेपवर कंबर मागच्या मापापेक्षा आणखी इंचभर कमी भरली.

बाईंनी पोरीला नीट न्याहाळलं. हातांवर बारीक लव उगवली होती, भर उन्हात बोटं निळी पडत होती. पाळी चार महिने आली नव्हती. परीक्षेचं टेन्शन असेल म्हणून बाईंनीच तो विषय सोडून दिला होता. जेवायला हाक मारली की "मैत्रिणीकडे खाल्लं", आणि दिवसभर जिन्यावर चढ-उतार. आताही माप देताना तिचे पाय थांबत नव्हते.

"अगं, नीट उभी राहा की!" बाई म्हणाल्या, तोच पोर कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "नाडी अडतीस आहे. अन्न मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू खातं, आणि हृदयही स्नायूच आहे. ते कधीही दगा देईल. तिला आजच दाखल करा."

"मी नाही राहणार," पोर पलंगावरून उतरून येरझाऱ्या घालू लागली. "आई, हे लोक मला जाड करतील. ड्रेससुद्धा बसणार नाही मला."

बाईंना रडू फुटत होतं, पण त्यांनी घाईत सोबत आलेला ड्रेस पिशवीतून काढून उलटा केला. आत घेतल्याच्या टिपांच्या तीन रांगा होत्या आणि दुमडलेलं कापड जसंच्या तसं होतं.

"बघ, कात्री लावलेली नाही मी. मोठे टाके आहेत, ओढले की निघतात. पहिली टीप तूच उसव."

पोरीने दोरा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. तो निघेना. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, मला जमत नाहीये गं," ती म्हणाली. "तूच उसव."

आणि ती आपण होऊन पलंगावर आडवी झाली.