पालथं पडून केलेली चौकशी

चहा आधी संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, चहा नाकात जाणार, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. माझं नशीबच तसलं आहे! हा घोळ दुसऱ्या कुणी घातला असता तर मीही पोट धरून हसलो असतो. पण घातला मी. आणि पणाला काय लागलं होतं? पोटच्या पोरीचं लग्न!

आमची ऋतुजा, एकुलती एक. हिंजवडीत नोकरीला. एक दिवस जेवताना म्हणाली, "बाबा, मी लग्न ठरवलंय. मुलगा डॉक्टर आहे."

मी खूश. म्हटलं, "कसला डॉक्टर?"

"कायरोप्रॅक्टर."

हातातला घास मी परत ताटात ठेवला. "म्हणजे ते मोबाईलवर दाखवतात, माणसाची मान धरून काडकन मोडतात, ते?"

"मोडत नाहीत बाबा. मोकळी करतात."

"अगं, मोडणारा कधी मोडतो म्हणून सांगेल का?"

झालं! ती ताट घेऊन उठली. आमची ही म्हणाली, "मुलगा भूगावातच असतो, गाव माले, घरची शेती आहे, वडील फोनवर किती नीट बोलले. आता उगीच फाटे फोडू नका."

फाटे? अहो, आम्ही बार्शीकडचे. मुलगी द्यायची म्हणजे चौकशी नको? गावाकडं असतो तर एका फोनवर मुलाच्या चार पिढ्यांची माहिती पारावर बसून मिळाली असती. इथं भूगावात आमच्याच मजल्यावर समोर कोण राहतं ते मला ठाऊक नाही. विचारू कुणाला? म्हणून मी ठरवलं, आपणच पेशंट होऊन जायचं आणि मुलगा पारखून यायचा. हिला सांगितलं नाही. ऋतुजाला तर नाहीच नाही.

दवाखान्यात नाव विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "जोशी." जोशीच का? मला काय माहीत! आयत्या वेळी तेवढंच सुचलं.

मुलगा, म्हणजे डॉक्टर सागर कंधारे, दिसायला छान. शांत. माझ्याकडं बघून क्षणभर थबकला, मग म्हणाला, "बसा, जोशीकाका. काय होतंय?"

"मान दुखते," मी ठोकून दिलं. दुखत होती कुठं!

त्यानं रक्तदाब बघितला. हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का, कधी पडला होतात का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "डावीकडं बघा." बघितलं. "उजवीकडं." बघितलं.

"काका, तुम्ही मान वळवलीच नाही. तुम्ही खांद्यांसकट अख्खे वळलात."

अरे देवा! खरंच की! गाडी मागं घेताना मी कित्येक वर्षं नुसत्या आरशावर भागवत होतो. कुणी हाक मारली तर पायांसकट फिरत होतो. मला वाटायचं, वय झालं, दुसरं काय!

"दुखत नसेल फारसं," तो म्हणाला, "पण सांधे आखडलेत. दाराची बिजागरी समजा. दार वर्षानुवर्षं अर्धंच उघडलं तर ती तेवढ्यातच फिरते. वर आजूबाजूचे स्नायूही तिला आवळून धरतात. मी काय करतो, जो सांधा अडलाय तो शोधतो, आणि तो जिकडं जात नाही तिकडं एक छोटासा झटका देतो. तो हलायला लागतो. पुढचं काम तुमचं. रोज सांगतो तो व्यायाम."

"आणि तो आवाज? हाड मोडल्यासारखा?"

"हाड नाही हो. सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज. आवाज आला काय, नाही आला काय, सांधा हलला म्हणजे झालं."

त्यानं माझं डोकं हलक्या हातानं धरलं. जरासं वळवलं. आणि... काट!

संपलं! मी म्हटलं, आपण वर गेलो. जिवाच्या आकांतानं ओरडलो, "ऋतुजाऽऽ!"

"कोण ऋतुजा?" डॉक्टरनं विचारलं.

आता काय सांगू? म्हटलं, "आमची कुलदेवता."

त्यानं पटकन तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे. मला वाटलं, श्रद्धाळू मुलगा आहे, नमस्कार करत असेल.

दुसऱ्या बाजूला त्यानं तसाच झटका दिला, पण आवाज काही आला नाही. मी मनात म्हटलं, बघा, अर्धंच काम! जाता जाता बागायत किती, भाऊबंदकी आहे का, दारू-तंबाखू आहे का, आई कशी आहे, सगळं विचारून घेतलं. कुठला पेशंट हे विचारतो, सांगा! पण तो नम्रपणे उत्तरं देत होता. "आई जरा कडक आहे," एवढंच म्हणाला. आणि बजावलं, "घरी स्वतःहून मोडामोडी करू नका."

बाहेर आलो आणि मान वळवून बघितली. अहो, खांदा न हलवता मागची रिक्षा दिसली! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

इथं थांबलो असतो तर आज तुमच्यासमोर असा वाकडा बसलो नसतो. पण डोक्यात ती न वाजलेली बाजू बसली होती ना! घरी आलो, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसलो, खुर्चीच्या पाठीला मागनं धरलं आणि घेतला पिळा. कड! कड! कड! काय वाजलो म्हणता! ही आतून ओरडली, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, सांधे मोकळे होतायत." डॉक्टरला जे जमलं नाही ते मी केलं, अशा ऐटीत झोपलो.

सकाळी चप्पल घालायला वाकलो, तो वाकलेलाच राहिलो. उसण भरली! श्वास घ्यायची चोरी. मान वर करायला गेलो की कमरेत कळ यायची. आता डॉक्टरकडं कुठल्या तोंडानं जाऊ? नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच केलं होतं.

आमच्या सोसायटीत गाडी चालवणारा बबन इथलाच. तो म्हणाला, "साहेब, हे गोळी-सुईचं काम न्हाई. मालेला एक पायाळू मावशी हायेत. एक लाथ खावा आन मोकळं व्हा."

पायाळू म्हणजे माहीत आहे ना? जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्यानं कमरेला पाय लावला की उसण निघते म्हणतात. एरवी मी असल्या गोष्टींना हसलो असतो. पण बबन माले म्हणाला, आणि माझे कान टवकारले. मुलाचं गाव! कंबरही सुटेल आणि चौकशीही होईल. एका दगडात दोन पक्षी! हिला म्हटलं, बँकेत जाऊन येतो.

पौड रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी एकेका देवाचं नाव घेतलं. मालेत उतरलो तेव्हा माझं डोकं आणि गुडघे एका उंचीवर होते. बबननं धरून एका पडवीत नेलं. कुणाचं घर, दारावर पाटी काय, मला काय दिसणार? पाटी वाचायला मान वर व्हायला हवी ना! मला दिसत होती शेणानं सारवलेली जमीन आणि दोन पावलं, जोडव्यांची.

"नाव काय?" पावलांच्या वरून आवाज आला.

"जोशी. भूगावहून आलोय."

ती पावलं माझ्याभोवती एक चक्कर मारून आली. मग, "बरं. पडा पालथं."

पडलो. वाटलं, आता घणाघाती लाथ बसणार. पण बाईंनी अंगठा नुसता कमरेवर टेकवला, हळूच फिरवला. बरं वाटलं. आणि बरं वाटलं की माझी जीभ सैल सुटते, हा जन्माचा रोग.

"मावशी, इथले कंधारे कसे आहेत हो? मुलगा भूगावात हाडांचा डॉक्टर आहे, ते."

"का बरं?"

"आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे. तिला स्थळ आलंय."

"असं व्हय! पोरगं गुनी हाय. बाप म्हंजी गरीब गाय. पर आई..."

"काय आई?" मी तसाच, तोंड चटईत.

"लई खाष्ट! आल्या-गेल्याला लाथ घालती."

मी चटईतून तोंड वर काढायला बघितलं, जमलं नाही. "बाप रे! माणसांना?"

"बाया-बापे, कुनी बी असू द्या. पोरगी कशी हाय तुमच्या वळखीची? सैपाक येतो?"

"कसला येतोय! साधा चहा ठेवला तरी उतू घालते. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाही. आईनं लाडावून ठेवलीय."

"आन बाप कसा हाय?"

"बाप देवमाणूस हो! पण घरात त्याचं कुणी ऐकत नाही."

"ते दिसतंयच," बाई म्हणाल्या. "म्हंजी, कंबर लई आखडल्याली दिसती."

परत येताना डोळ्यांपुढं सारखं चित्र दिसत होतं. माझी लेक चुलीपुढं, आणि मागनं लाथ! कंबर जराशी हलकी झाली होती, पण काळजाला उसण भरली ती काही निघेना. घरी पोचताच मुलाच्या वडिलांना फोन लावला. नकार द्यायचा असला की आपल्यात काय सांगतात? तेच सांगितलं. "पत्रिका जुळत नाही हो."

"बरं," ते बिचारे म्हणाले.

मी ऋतुजाला म्हटलं, "सासू लाथा मारते, खात्रीची बातमी आहे." तिनं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, ओरडली असती तर बरं. दार लावून घेतलं. पुढं आठवडाभर घरात फक्त मिक्सरचा आवाज. ही मला जेवायला वाढायची, पण पोळी हवी का म्हणून विचारायची नाही. मी कुणासाठी केलं हे सगळं? आणि मलाच घरात वाळीत टाकलं! रात्ररात्र छताकडं बघत पडायचो. तेवढंच दिसायचं, कूस वळता येत नव्हती.

रविवारी बेल वाजली. दारात सागर, आणि मागं हिरव्या नऊवारीतली एक बाई. मी जेमतेम उठलो. माझी नजर अजून खालीच. आणि मला दिसली दोन पावलं, जोडव्यांची.

"काय जोशीबुवा," आवाज आला, "उसण गेली का?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी फरशी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो. 

"कोण जोशी?" ही.

"बाबा?" ऋतुजा.

मग निघालं सगळं. दवाखाना निघाला, कुलदेवता निघाली, खुर्चीतला पिळा निघाला, चटईवरची मुलाखत निघाली. ही कपाळावर हात मारून खाली बसली. सागर संकोचून म्हणाला, "काका, ऋतुजानं मला तुमचे फोटो कधीच दाखवले होते. तुम्ही जोशी म्हणालात, मी म्हटलं असेल काही कारण. घरी आईला मात्र सांगितलं." आता मला सांगा, पोरीनं त्याला घरच्यांचा फोटो दाखवला असेल, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं की नाही? मला नाही सुचलं!

"आन पत्रिका जुळंना म्हनं," विहीणबाई, म्हणजे होता होता राहिलेल्या विहीणबाई, म्हणाल्या. "आमी पत्रिका दिलीच न्हाई. तुमी कुनाची जुळवत बसला व्हता?"

मी परत त्या जोडव्यांकडं बघायला लागलो.

"आज मी भांडायलाच आले व्हते," त्या म्हणाल्या. आवाजात आता गंमत नव्हती. "मला खाष्ट म्हनलं, हरकत न्हाई, मीच म्हनले. पर माझ्या पोराला खोटं सांगून न्हाई म्हनलं. त्यो आठ दिस धड जेवला न्हाई."

ऋतुजा पुढं झाली. आठवडाभर माझ्याशी न बोललेली पोर. "बाबांचं चुकलंच," ती म्हणाली. "फार चुकलं. पण तशी वाकडी कंबर घेऊन ते तुमच्या दारापर्यंत आले, ते माझ्यासाठीच आले. त्यांना हाकलायचं असेल तर मलाही हाकला."

अहो, मी ढसाढसा रडलो. लाज कसली त्यात!

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "असला बाप असून बी पोरगी बापाला सोडंना," त्या म्हणाल्या, "मंग उद्या मला बी सोडायची न्हाई. जा, चहा टाक. उतू गेला तरी चालंल."

सागरनं मला सोफ्यावर आडवं करून कंबर तपासली. म्हणाला, "आज झटका देणार नाही. सूज आहे, आधी ती बसू दे. खुर्चीत तुम्ही जे कडाकडा वाजवलंत ना काका, ते मोकळेच सांधे होते. आखडलेला जागच्या जागी आहे." म्हणजे तिथंही मी भलत्यालाच धरून पिळलं होतं.

चहा झाला. येत्या आठवड्यात मालेला बैठक धरायची ठरली. देणं-घेणं, कार्यालय, मानपान. मला जरा हुरूप आला. म्हटलं, "बैठकीत मी सगळं व्यवस्थित बोलतो..."

"बाबा," ऋतुजा म्हणाली, "बैठकीत तुम्ही तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. सगळे जे म्हणतील त्याला नुसती मान हलवायची."

एवढंच ना? ते तर मला आता जमत होतं! जावयानं मोकळी केलेली मान, निदान तेवढी तरी शाबूत होती. दाखवावी म्हटलं कौतुकानं. विहीणबाईंसमोर उभा राहिलो आणि हलवली. डावीकडं पार खांद्यापर्यंत, मग उजवीकडं पार खांद्यापर्यंत.

विहीणबाई कप ठेवून उभ्याच राहिल्या.

"आडवी नाही हो बाबा!" ऋतुजा किंचाळली. "वर-खाली! वर-खाली!"