करंजमामीचा मान

शेंदूरजनाघाटच्या माझ्या मामीच्या घरी कोणीही गेलं, की तिची नजर आधी पायांवर जाई, मग तोंडावर. मामाच्या संत्र्याच्या बागेला लागून दाट झाडी होती, गुरं तिथंच चरत, आणि त्या झाडीतल्या गोचिडींशी मामीचं जन्माचं वैर होतं. झाडीत जाताना पायांना करंजाचं तेल, परत आल्यावर ओट्यावर पायांवरून बोटं फिरवून तपासणी, यातून सुटका नाही. त्या तेलाच्या वासानं भूक मरे. आम्ही भाचरं तिला करंजमामीच म्हणायचो.

साठ सालच्या सुमाराला जिकडेतिकडे डीडीटीच्या पांढऱ्या पावडरीचं कौतुक होतं. मामानंही हौसेनं पिशवी आणून गुरं बसायच्या जागी भुरभुरली. गोचिडी मेल्या, आणि त्या टिपणाऱ्या मामीच्या कोंबड्याही. मामी कडाडली, "तुमी गोचिडी मारून राहिले का घर?" पावडर बंद झाली. मामीनं वाटेवरचं गवत कापून घेतलं, गुरांनाही तेल चोपडलं, नव्या कोंबड्या झाडीत सोडल्या. गोचिडी कमी झाल्या, वास मात्र वाढला.

खरी पंचाईत झाली तिच्या एकुलत्या लेकीच्या, सुमनताईच्या लग्नाची. आधीचं एक स्थळ तेलाची वाटी पाहूनच उठून गेलं होतं. त्यामुळे अकोल्याचे वकीलसाहेब मुलाला घेऊन आले, तेव्हा मामानं मामीपुढं चक्क हात जोडले, "आज तेवढं तेल राहू दे." ताईला मुलगा मनापासून आवडला होता. पण पाहुणे बाग पाहायला उठले मात्र, मामी वाटी घेऊन हजर! "गोचीड का पाहुना वळखते? पाय समोर करा." ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

वकीलसाहेबांनी धोतर वर घेतलं आणि डोळे मिटले. तेल चोळून झालं तसे गहिवरून म्हणाले, "असा मान आमाले आजवर कोनी देला नाही!" मुलीची आई स्वतः पाय चोळते, ही त्यांना गावची रीतच वाटली. खरं सांगायची कोणाची छाती? सोयरीक जुळली. लग्नात त्यांनी बजावलं, वरपक्षाचा एकही पाय कोरडा राहता कामा नये. अख्खा मांडव करंजानं घमघमला, आणि मामी आनंदानं पाय चोळत सुटली.

पाठवणीला सगळ्या बाया रडल्या, मामी तेवढी कोरडी. ताई दमणीत बसली, बैल जुंपले. तेव्हा मामी पुढं झाली आणि लेकीचा पाय हातात घेऊन घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बोटं फिरवू लागली.

"काई नाही वं," ती म्हणाली. "अकोल्याले झाडी नाही, गोचीड नाही. कशाचंच भेव नाही तुले."

पण तो पाय काही तिच्यानं सोडवेना.