अप्पा बघून आले ती नोकरी

सांगलीत एमबीए करत असताना सरांनी वर्गात एक प्रश्नावली वाटली होती. पर्यावरणाची पर्वा न करणाऱ्या कंपनीत तुम्ही नोकरी कराल का? आम्ही सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली. मी तर चहाला कुठल्या गाड्यावर जायचं हे ठरवता ठरवता केली.

पुढे कॉलेजातच मुलाखती झाल्या आणि मला एका रसायनांच्या कारखान्यात नोकरी मिळाली. "काही विचारायचंय?" असं साहेबांनी म्हटल्यावर मी पगार आणि राहायची सोय विचारली. कारखान्याचं सांडपाणी कुठं जातं, हे माझ्या मनातही आलं नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कडेगावात गल्लीभर पेढे वाटले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पण आनंद पोटात ठेवणं काही जमत नाही.

होकार कळवायला चार दिवस होते. मी घरी आले तर अप्पा म्हणाले, "जरा थांब. मी बघून येतो."

"आवं अप्पा, नोकरी हाय ती, सोयरीक न्हाई."

"ताईच्या येळंला गेलो हुतो का न्हाई?"

गेले होते. ताईला स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांच्या घरी जायच्या आधी ते गुपचूप त्यांच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आले होते. मी मैत्रिणींना फोन करून सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो.

अप्पांनी मोटरसायकल काढली आणि कारखान्याच्या मागच्या वस्तीवर गेले. दुपारी परतले. मग हळूहळू सांगू लागले. वस्तीवरच्या बाईनं त्यांना विकतच्या जारमधलं पाणी दिलं होतं. दारातच विहीर भरलेली. अप्पांनी विहिरीचं मागितलं तर ती म्हणाली, "आवं दादा, आमची जनावरं बी त्याला तोंड लावत न्हाईत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, घेतलं तोंडात. थुकलं लगीच. पर लेक जाणार तितं म्हणल्यावर बघाय नको व्हय?"

मी त्यांच्यावर लय चिडले. या वयात, शुगरच्या गोळ्या चालू असताना! ओरडता ओरडता मला रडूच आलं.

"तुजं तू ठरीव," ते म्हणाले. "पेढ्याचं मनात आणू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या साहेबांना फोन करून पाण्याचं विचारलं. ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, तो तुमचा विभाग नाही." मी नोकरी नको म्हणून कळवलं.

दुसरी नोकरी मिळेपर्यंत पाच महिने मी घरीच होते. पेढे खाल्लेली माणसं दारावरून जाताना विचारायची, पोरीच्या नोकरीचं काय झालं? मी आत स्वयंपाकघरात लपायची. अप्पा मात्र कट्ट्यावर ताठ बसून प्रत्येकाला सांगायचे, "आमीच नगं म्हणलं. तितलं पाणी चाखून आलोय मी."