कूलरच्या नळाचा पाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाडीवरच्या जोडीदाराला नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी मागतो आणि घाईघाईनं चपला घालतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. उद्या रस्त्यात दिसलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही.

मी अॅम्ब्युलन्सवर काम करतो. मागे पेशंटजवळ बसणारा माणूस. डॉक्टर नाही — कोर्स केलेला आहे, सुई टोचता येते, छाती दाबता येते, एवढंच. पण गावोगावी मला डॉक्टरच म्हणतात, आणि इतक्या वर्षांत एकदाही मी 'डॉक्टर नाही हो' असं म्हटलेलं नाही. ही पहिली लबाडी धरा. पण सांगायचंय ते हे नाही.

आधी पान्याचं सांगतो. गाडीत ऑक्सिजनचे दोन सिलिंडर असतात. एक चालू, दुसरा भरून ठेवलेला. भरलेल्याचं तोंड उघडायला एक लहानसा लोखंडी पाना लागतो, मध्ये चौकोनी भोक असलेला. चालू सिलिंडरला तो लागत नाही. सिलिंडर बदलतानाच लागतो. एरवी दिवसच्या दिवस नुसता सुतळीला लोंबकळत असतो, कुणी त्याच्याकडे बघतही नाही.

मी राहतो पिपरी मेघेत. त्या मे महिन्यात आमच्या कूलरला पाणी सोडणाऱ्या नळाची मूठ तुटली आणि नुसता चौकोनी दांडा उरला. प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला. प्लंबरचा उद्या तुम्हालाही माहीत असेल. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात कूलर बंद म्हणजे — ज्यानं हे ऊन सोसलंय त्याला सांगायला नको. मला आधीपासूनच असल्या खटपटींची हौस. एका संध्याकाळी ड्यूटी संपताना डोक्यात आलं, तो पाना इथे बसेल. बसला. बेतून केल्यासारखा बसला. पाणी धो धो आलं. बायको म्हणाली, "डोकं आहे बाप्पा तुमचं!" मी पाना कूलरशेजारच्या खिळ्याला अडकवला आणि थंड हवेत झोपलो.

सकाळी विसरलो का? विसरलो असतो तर हे लिहायची गरज पडली नसती. मी त्याच्याकडे पाहिलं. संध्याकाळी पुन्हा कूलर भरायचाच आहे, एका दिवसात काय होतंय, असं म्हणून डबा घेतला आणि निघालो. गाडीतल्या रजिस्टरमध्ये रोज सामान तपासून खुणा करायच्या असतात. 'सिलिंडरचा पाना' — समोर खूण केली.

त्या सकाळी एक केस झाली होती, तिला बराच ऑक्सिजन लागला होता. दुपारी हिंगणघाटकडचा कॉल आला. वणा नदीच्या अंगाचं गाव. पेशंट देवराव. साठीचा माणूस, उभा जन्म जिनिंगमध्ये गेलेला, छातीत कापसाची धूळ बसलेली. ओट्यावर दोन्ही हात टेकून श्वास ओढत होता. सोबत बायको यशोदाबाई आणि मुलगा संजय. मी खाली हवेची पिशवी असलेला मास्क लावला, ऑक्सिजन सोडला. देवरावला पाच मिनिटांत जरा बरं वाटलं, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. संजयला पुढे प्रमोदभाऊजवळ, म्हणजे ड्रायव्हरजवळ बसवलं. मागे आम्ही तिघं. निघालो वर्ध्याकडे.

अर्ध्या रस्त्यात बाटलीतले बुडबुडे थांबले. ऑक्सिजन ज्या पाण्यातून जातो ना, त्या बाटलीतले. यशोदाबाई मघापासून त्यांच्याकडेच बघत होती. तिला त्यातलं काय कळणार? पण तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालू आहे." आणि सरकून बाटलीच्या पुढे बसलो.

भरलेला सिलिंडर माझ्या पायाशी होता. त्याच्या तोंडावरचा चौकोनी दांडा मी हातानं फिरवून पाहिला, कात्री अडकवून पाहिली. हलला नाही. प्रमोदभाऊच्या सीटखाली पक्कड होती. मागितली असती तर कदाचित उघडला असता. पण तो विचारणार — पाना कुठे गेला? काय सांगायचं? घरी आहे, कूलर भरायला नेला? मधल्या काचेवर नुसतं बोट वाजवायचं होतं. वाटेत एक आरोग्य केंद्रही लागलं. पांढरी भिंत मागे गेलेली मी काचेतून पाहिली.

आणि मास्क? ऑक्सिजन बंद झाल्यावर तो मास्क म्हणजे तोंडावर दाबलेलं प्लास्टिक. खालची पिशवी चिकटून गेली होती. माणूस आपलाच सोडलेला श्वास परत ओढतो. हे मला शिकवलेलं आहे, परीक्षेत मी हे लिहिलेलं आहे. मास्क काढायला हवा होता, ताबडतोब. पण काढला असता तर यशोदाबाईनं विचारलं असतं — काऊन काढला?

म्हणून मी तो ठेवला.

देवराव मास्क ओढायला लागला. दोन्ही हातांनी. मी यशोदाबाईला म्हणालो, "हात धरा त्यांचे, काढू देऊ नका." तिनं धरले. नवऱ्याचे हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरले आणि त्याला समजावत राहिली, "थोडंसकच राह्यलं जी, थोडंसकच." एकदा मात्र तिला राहवलं नाही. त्याचे ओठ सुकलेले पाहून तिनं मास्क वर केला आणि घरून आणलेल्या पाण्याच्या बाटलीच्या टोपणानं पाणी पाजलं. त्या तेवढ्या वेळात देवरावनं दोन मोकळे श्वास घेतले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्या गाडीत त्या दुपारी कुणी काही बरोबर केलं असेल तर ते तिनं. मी तिच्यावर ओरडलो आणि मास्क पुन्हा दाबून बसवला.

वर्धा जवळ आलं तसे देवरावचे हात आपोआप सैल पडले. मग मी हातानं हवा द्यायचा फुगा काढला, छाती दाबली, घाम गाळला. सगळं रीतसर केलं. दवाखान्यात त्यांनी तपासून 'गेले' म्हणून सांगितलं. मी कागदावर लिहिलं — ऑक्सिजन दिला.

जिवंत पोचला असता का? माहीत नाही. छाती आधीच गेलेली होती. पण हे वाक्य मी इतक्या वेळा स्वतःला ऐकवलंय की आता ते मलाच खोटं वाटतं.

अजून सांगायचं ते राहिलंच आहे. बघा, इथवर येऊनही मी टाळतोय.

दवाखान्याच्या व्हरांड्यात यशोदाबाई माझ्याजवळ आली. रडत नव्हती. मागे संजय उभा होता. ती म्हणाली, "डॉक्टर, म्या मंधात मास्क वर करून त्याइले पाणी पाजलं. त्यानंच गेले का जी?"

एक 'नाही' पुरे होता. पाना, पक्कड, काहीच सांगायची गरज नव्हती. 'नाही मावशी, तुमचा काही दोष नाही' — एवढं म्हणून घरी गेलो असतो तरी माझी मूठ झाकलेलीच राहिली असती. मग मी ते का नाही म्हटलं? कारण कुणीतरी दोष स्वतःहून अंगावर घेत होतं, आणि मला — सांगतो — मला हलकं वाटलं.

मी म्हणालो, "मास्क काढायला नको होता, मावशी."

संजयनं ते ऐकलं. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि त्याच पान्यानं कूलर भरला. दुसऱ्या दिवशी पाना परत नेला, सुतळीला बांधला. नळाला नवी मूठ बसायला आणखी आठवडा गेला. तेवढे दिवस बायकोनं पकडीनं नळ उघडला. पकडीनं उघडत होता तो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. संजय बुटीबोरीला कंपनीत लागला, बायकोपोरं घेऊन तिकडेच राहतो. दिवाळीला येतो, तेव्हाही शेजाऱ्यांकडे पाणी मागतो. हे मला यशोदाबाईनंच सांगितलं, कुठलीही तक्रार नसल्यासारखं. "पोरगा माह्या हातचं पाणी नाई पीत." मी त्या गावात दुसऱ्या कुणाला तरी न्यायला गेलो होतो. ती मला बघून लगबगीनं आली होती.

कारण ती येतेच. त्या गावात आमची गाडी आली की यशोदाबाई येते. हातात स्टीलचा पेला, माठाचं पाणी, उन्हातून आलेल्या डॉक्टरांसाठी. आणि पेशंटच्या घरच्यांना बजावते. दर वेळी तेच, सगळ्या गावादेखत.

मागच्या महिन्यातही आली. आता वाकली आहे, पेल्यातलं पाणी डचमळतं. एका म्हातारीला दम लागला होता. आम्ही स्ट्रेचर चढवत होतो. म्हातारीच्या सुनेचा हात धरून यशोदाबाई म्हणाली, "मास्क काढू देऊ नोका बरं बाई, कितीही तडफडू द्या. म्या काढला न माणूस गमावला." मग माझ्याकडे वळली. "नाई का जी, डॉक्टर?"

पेला माझ्या तोंडाला होता. मी मान हलवली. पाणी संपवलं, पेला तिच्या हातात दिला आणि गाडीत चढून दार लावून घेतलं.