तिची खुर्ची

देवी आहे की नाही यावर मी कधी डोकं शिणवलं नाही. ते काम आमच्या हिच्याकडे होतं. ही म्हणजे माझी बायको, सुमन. मी खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात मशीन सांभाळायचो आणि ही अथालच्या आमच्या खोलीत खुर्चीवर बसून सप्तशृंगीआईची माळ ओढायची. निळी प्लास्टिकची खुर्ची, एक हात तडकलेला. शेवटच्या आजारात म्हणाली, "तुमी काय देवदेव करनार नाही, पन माझी माळ तेवढी बंद पडू देऊ नका." मी हो म्हटलं. तिला नाही म्हणायची सवय तिने मला लागूच दिली नव्हती.

ती गेल्यावर माळ मी धरली. खुर्चीवर मात्र बसलो नाही, दुसऱ्या कुणाला बसूही दिलं नाही. खुर्चीशेजारी उघड्या लादीवर मांडी ठोकायची, डावा पाय खाली दाबून, सकाळी आणि दिवेलागणीला. सून म्हणायची, "बाबा, खाली घोंगडी तरी घ्या." मी म्हणायचो, "मला काय झोपायचंय?" देवाचं करायचं तर सोसून करायचं, असं माझं डोकं.

काही महिन्यांत डावा पाय पेटला. गुडघ्याखालून बाहेरच्या अंगाने पंजाच्या वरपर्यंत आग, मिरची चोळल्यासारखी. पांघरूण लागलं तरी सहन होईना, आणि नखाने ओरबाडलं तर कळेना. हे कसलं दुखणं, पेटलेलंही आणि बधिरही! पुढे पंजाच उचलेना. चप्पल वाटेत गळून पडायची आणि मागून येणारा सांगायचा. साखर तपासली, नव्हती. कमरेचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. किलवणीच्या एका मालिशवाल्याने पाय चोळून चोळून सुजवून ठेवला. दुकानातल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, आग तशीच. मला वाटलं आई परीक्षा बघतेय, म्हणून मी माळ वाढवली. जास्त बसलो, पाय जास्त पेटला. पाय गेला तर जाऊ दे, पण उद्या खाली बसताच आलं नाही तर हिची माळ बंद पडेल, आणि ही दुसऱ्यांदा जाईल. मला तेवढीच भीती होती.

शेवटी पोराने सिल्वासाला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगा इथेच वाढला, त्याची भाषा खिचडी. "पप्पा, इधर बैठो, मी केसपेपर काढून आणतो," म्हणून गेला. बसायचं कुठे? बाकडी भरलेली. एक खुर्ची रिकामी झाली, मी पाय ओढत पोचेपर्यंत एक पोटुशी बाई बसली. मला बघून ओशाळली, उठायला लागली. "काका, तमे बेसो." मी म्हटलं, "बस बाई, तुम्ही दोघं आहात." मनात मात्र आईला झापलं. तुझ्यासाठी पाय जाळला, आणि तुला एक खुर्ची देववत नाही? रागारागाने भिंतीशी लादीवर मांडी घातली आणि खिशातली माळ काढली.

तिथल्या एक डॉक्टरीणबाई चहाला निघाल्या होत्या. माझ्यापुढून गेल्या, माझं कण्हणं ऐकून थांबल्या आणि मागे आल्या.

"आजोबा, रोज असंच बसता?"

"दोन्ही वेळा."

"आणि दुखतो तो खालचाच पाय ना?"

तिथेच खाली बसून त्यांनी माझ्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडापाशी, बोटाने टकटक केलं. पंजापर्यंत वीज गेली, मी ओरडलो. त्या हसल्या. "सापडली!"

मग आत नेऊन टाचणी टोचून पाहिली, पंजा वर उचलायला लावला, करंट देऊन नस तपासली. म्हणाल्या, तिथे नस अगदी कातडीखालून जाते. मांडी घातली की हाड आणि लादीच्या मध्ये चेंगरते. "आधी अंगावर मांस असेल, तेव्हा निभावलं. एवढे वाळलात कशाने?"

पोरगा म्हणाला, "मम्मी गेल्यापासून धड जेवतच नाहीत."

बाई म्हणाल्या, "म्हणजे दुखणं तिथून सुरू झालंय."

मांडी बंद, उकिडवं बसणं बंद. पंजा सावरायला पट्टा, पायाचे व्यायाम, नसेच्या आगीची गोळी, आणि दोन्ही वेळ पोटभर जेवण. नस सावकाश भरते, म्हणाल्या. मी विचारलं, "मग माळ?" "खुर्चीवर बसून ओढा की. देवी काय उठवून लावते?"

घरी खुर्ची एकच. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. सुनेने ती पदराने पुसली आणि आत गेली. बसलो. खुर्ची हिच्या वेळी करायची तशीच कुरकुरली. समोर पाहिलं तर भिंतीवरच्या फोटोतला देवीचा चेहरा थेट माझ्या डोळ्यांपुढे. इतके दिवस खालून त्या काचेत मला नुसती ट्यूबलाइट दिसायची. फोटो हिनेच लावलेला, खुर्चीत बसल्यावर नीट दिसेल असा. मी रडलो. माळ तशीच चालू ठेवली.

आता आग बरीच उतरली आहे, थंडीत थोडी उठते. चप्पल पायात राहते. सून वाढते तेवढं जेवतो. दवाखान्यात त्या दिवशी खुर्ची मिळाली असती तर बाईंना दिसलो असतो का, ते मला ठाऊक नाही, आणि मी कुणाशी वाद घालणार नाही. आईने माझ्याकडे कधी पाय मागितला नव्हता, मीच उगाच पुढे केला. आता माळ झाली की आईला हात जोडतो, खुर्चीच्या तडकलेल्या हातावरून हात फिरवतो आणि एवढंच म्हणतो, तू बसवशील तिथे बसेन.